खिशातली कॅसेट : ‘नेब्रास्का’ या रेकॉर्डची हकिकत

एप्रिल १९८२. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा ई स्ट्रीट बँड नव्या रेकॉर्डची तयारी करत होते. ब्रूसच्या जीन्सच्या खिशात एक साधी कॅसेट होती. तिला डबीसुद्धा नव्हती. घरी बसून केलेली कच्ची गाणी तिच्यावर होती, आणि बँडने ती ऐकून आपापले भाग बसवायचे, एवढंच तिचं काम होतं. सप्टेंबरअखेर बाजारात जी रेकॉर्ड आली ती मात्र बँडची नव्हती. त्या कॅसेटवरचा आवाज जसाच्या तसा तबकडीवर उतरवला होता.

‘घरी बसून केलेली क्रांतिकारी रेकॉर्ड’ अशी ही कथा नेहमी दोन ओळींत सांगतात. मला तिच्यात रस आहे तो मधल्या सहा महिन्यांसाठी. तेवढ्या काळात जाणत्या माणसांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, सगळं नीट वाजवलं, आणि तरी कुणाचं समाधान होईना. रेकॉर्डिंगच्या धंद्यात असलेल्या कुणालाही ही अवस्था ओळखीची वाटेल.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९८० मध्ये आलेला ‘द रिव्हर’ हा दुहेरी अल्बम ब्रूसचा अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम. त्यातलं ‘हंग्री हार्ट’ पहिल्या दहांत पोचलं. त्यानंतरचा लांबलचक दौरा सप्टेंबर १९८१ मध्ये संपला आणि बत्तीस वर्षांचा हा माणूस न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी, भाड्याच्या घरात, एकटा राहायला आला. रेकॉर्ड कंपनीला पुढची रेकॉर्ड हवी होती आणि ती आधीपेक्षा मोठी होणार, असं सगळे धरून चालले होते.

ब्रूसला स्वतःच्या कामाच्या पद्धतीचा त्रास होत होता. ‘द रिव्हर’ला वर्षाहून जास्त काळ लागला होता. अर्धवट लिहिलेली गाणी घेऊन स्टुडिओत जायचं, बँडला बसवून ठेवायचं, ओळी तिथेच बदलायच्या, आणि भाड्याचं मीटर चालूच. म्हणून यावेळी गाणी आधी घरीच पारखायची आणि उभी राहतील तेवढीच बँडपुढे न्यायची, असं त्याने ठरवलं. त्याने गिटारची देखभाल करणाऱ्या माइक बॅटलनला एक साधं रेकॉर्डिंग मशीन आणायला सांगितलं. हेतू सगळा काटकसरीचा होता. यातून रेकॉर्ड काढायची असं तेव्हा कुणाच्याही मनात नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं असं मला वाटतं.

त्या हिवाळ्यात टेरेन्स मॅलिकचा १९७३ चा ‘बॅडलँड्स’ हा चित्रपट त्याच्या डोक्यात घर करून बसला होता. चित्रपटामागची खरी घटना १९५८ ची. चार्ल्स स्टार्कवेदर हा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याची चौदा वर्षांची मैत्रीण अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातून निघाले, वाटेत माणसं मारत गेले. ब्रूसने त्या प्रकरणावर पुस्तक लिहिणाऱ्या ओमाहाच्या वार्ताहर निनेट बीव्हर यांना फोन करून चौकशी केली. गाण्याचं पहिलं नाव ‘स्टार्कवेदर’च होतं आणि त्यात खुन्याची गोष्ट तिसरंच कुणी सांगत होतं. मग त्याने ‘तो’ काढून ‘मी’ घातला. एवढ्या एका बदलाने ऐकणारा थेट खुन्याच्या शेजारी येऊन बसतो.

बाकीची गाणी आसपासच्या मातीतलीच. न्यू जर्सीतल्या मावा गावचा फोर्डचा मोटार कारखाना १९८० मध्ये बंद पडला होता. ‘जॉनी ९९’मधला माणूस तिथूनच निघतो. मार्च १९८१ मध्ये फिलाडेल्फियात फिलिप टेस्टा हा गुंडांचा म्होरक्या स्वतःच्या घराच्या दारात बॉम्बने उडवला गेला. ‘अटलांटिक सिटी’ची पहिली ओळ तीच बातमी सांगते. आणि लहानपण होतंच : वडिलांनी घेतलेली जुनी गाडी, लांबून दिसणारा टेकडीवरचा बंगला.

खोली आणि मशीन

मशीन होतं टीअ‍ॅकचं पोर्टास्टुडिओ १४४. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या एका बाजूला दोन आणि उलटल्यावर दुसऱ्या बाजूला दोन असे चार पट्टे असतात. हे मशीन चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचं. म्हणून कॅसेट उलटता यायची नाही, पण चार वेगवेगळे आवाज एकावर एक चढवता यायचे. टेप पळायची साध्या कॅसेटच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर. मोठ्या स्टुडिओत तेव्हा चोवीस ट्रॅकसाठी, म्हणजे चोवीस पट्ट्यांसाठी, दोन इंच रुंदीची टेप सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने पळायची. कॅसेटच्या टेपची रुंदी इंचाचा आठवा भाग. तेवढ्याशा जागेत किती आवाज मावणार, हे ज्याने कधी टेप हातात धरली आहे त्याला सांगायला नको.

माइक दोन होते, दोन्ही शुअर एसएम-५७, कुठल्याही वाद्यवृंदाच्या स्टेजवर दिसतात तसे. झोपायच्या खोलीत, खुर्चीवर बसून, गिटार आणि गळा एकदमच टिपायचा. उरलेल्या दोन पट्ट्यांवर माउथ ऑर्गन, दुसरी गिटार, खंजिरी किंवा स्वतःचाच दुसरा आवाज. बॅटलन रेकॉर्डिंगचा तंत्रज्ञ नव्हता, मशीन त्यालाही नवंच. डिसेंबर १९८१ ते जानेवारी १९८२ या दिवसांत बरीचशी गाणी अशीच उतरली, एकेक गाणं चारसहा प्रयत्नांत.

मग चार पट्ट्यांचं एक मिश्रण करायचं होतं. वाटेत गिब्सन एकोप्लेक्स हे टेपवर चालणारं प्रतिध्वनीचं यंत्र जोडलं. पलीकडच्या टोकाला होता पॅनासॉनिकचा एक जुना टेपरेकॉर्डर, आधी पाण्यात भिजून बंद पडलेला आणि पुढे आपोआप चालू झालेला. अंतिम मिश्रण याच्यावर झालं. पोर्टास्टुडिओवरची वेग कमीजास्त करायची कळ मध्यावर नव्हती, हे नंतर ध्यानात आलं. त्यामुळे गाण्यांच्या सुरांची पट्टी मुळापासून किंचित सरकलेली आहे.

ही कॅसेट आणि सोबत प्रत्येक गाण्याबद्दलच्या स्वतःच्या टिपणांचं पत्र ब्रूसने मॅनेजर जॉन लँडाऊला पाठवलं. लँडाऊने पुढे सांगितलं आहे की ती ऐकून त्याला ब्रूसची काळजी वाटू लागली होती. हा धागा शेवटी पुन्हा घ्यायचा आहे.

अडचण

स्टुडिओत बँड बसला आणि एक विचित्र गोष्ट घडली. कॅसेटवर ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणंसुद्धा होतं, पण तिथे ते एकसुरी आणि निर्जीव वाटायचं. बँडने ते हातात घेतलं, मॅक्स वाइनबर्गचे ड्रम्स आणि सिंथेसायझरची ती घोषणेसारखी ओळ आली, आणि थोड्याच टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रयत्नांत, गाणं पेटून उठलं. त्याच काही आठवड्यांत पुढच्या अल्बमचा मोठा भाग तयार झाला.

आणि त्याच कॅसेटवरचं ‘नेब्रास्का’, ‘मॅन्शन ऑन द हिल’, ‘अटलांटिक सिटी’ मात्र बँडच्या हातात विझत होतं. वादक तेच, खोली तीच, तंत्रज्ञ टोबी स्कॉट तोच. वादनात खोट काढायला जागा नव्हती. पण माणूस एकटा बसून, कुणी ऐकत नाही असं समजून बोलतोय, हा भास ड्रम्सच्या पहिल्या ठोक्यालाच मोडायचा. कॅसेटवर लय श्वासाबरोबर हलते. ओळीच्या शेवटी ती जरा थांबते, रागाच्या जागी पुढे सरते. सहाजणांच्या बँडला तसं हलता येत नाही, त्यांना ठोका पक्का लागतो.

असं का होतं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पुण्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. काही वर्षांपूर्वी मावळातलं एक कुटुंब आजींच्या जात्यावरच्या ओव्या घेऊन आलं. मोबाइलवर टिपलेल्या, आवाज फुटलेला, खाली जात्याची घरघर. मी म्हटलं, स्वच्छ करून घेऊ, आजींना घेऊन या. आजी आल्या, कानाला हेडफोन लावून माइकसमोर बसल्या. ‘आजी, अजून एकदा म्हणता का?’ असं मी चार वेळा विचारलं आणि चार वेळा त्यांनी न कंटाळता म्हटलं. सूर चोख होता, पण ओवी लागत नव्हती. त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता आणि हाताला खुंटा नव्हता. ओवीचा श्वास कुठे तुटायचा ते जात्याचा फेरा ठरवतो. जातं मी गोंगाट समजून काढून टाकलं आणि त्याबरोबर ओवीचं मापच गेलं. शेवटी मोबाइलवरचंच रेकॉर्डिंग जरासं उजळून त्यांना दिलं.

पॉवर स्टेशनमध्ये त्या एप्रिल-मेमध्ये जे शोधत होते, ते याच जातीचं होतं असं मला वाटतं.

समोर असलेले पर्याय

पहिला रस्ता म्हणजे बँडबरोबर लागेपर्यंत लढत राहणं. ब्रूसचा स्वभाव पाहता तो हेच करेल असं कुणालाही वाटलं असतं. एकेका गाण्यावर महिनोन्महिने घालवण्याची त्याची ख्यातीच होती.

दुसरा रस्ता वरवर सर्वांत शहाणपणाचा. गाणी एकट्यानेच गायची, पण चांगल्या स्टुडिओत, चांगल्या माइकवर, स्वच्छ टेपवर. तेही करून पाहिलं. आवाज सुधारला आणि गाणं हातचं गेलं. या टप्प्याला मी फार महत्त्व देतो, कारण यामुळे दोष बँडचा नाही हे सिद्ध झालं. बँड नसतानाही गाणं येत नव्हतं. गायकाला आता ठाऊक होतं की आपण ‘रेकॉर्ड’ करतोय.

तिसरा विचार दुहेरी अल्बमचा होता : एका तबकडीवर ही एकांतातली गाणी, दुसरीवर बँडची. ब्रूसने स्वतःच हा बेत काही काळ मनात धरला होता. दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा की एकाच पाकिटात ती एकमेकांना मारतील, म्हणून तो सोडला.

चौथा रस्ता खिशात होता. कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढायची. या बाजूने बोलणाऱ्यांत बँडचा गिटारवादक आणि ब्रूसचा जुना दोस्त स्टीव्ह व्हॅन झँट होता. बँडमधल्याच माणसाने असा कौल द्यावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्या कौलात त्याची स्वतःची गिटार वगळली जात होती.

निर्णय

निर्णय एका बैठकीत झाला नाही. एकेक पर्याय खऱ्या अर्थाने करून पाहिला, टेपवर आणला, कॅसेटशेजारी ठेवून ऐकला आणि मग बाद केला. ‘मला असं वाटतं’ या पातळीवर कुणी थांबलं नाही. आमच्या कामात याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि ग्राहकाला ते फुकट गेलेले वाटतात. इथे ते फुकट गेले नाहीत, कारण त्याच खर्चात दुसरा अल्बम जवळपास उभा राहिला होता.

दुसरं म्हणजे गाण्यांची वाटणी. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ इतकं जमलेलं गाणं हातात असताना कंपनीला खूश करणारी रेकॉर्ड १९८२ मध्येच काढता आली असती. ब्रूसने ते गाणं बाजूला ठेवलं आणि आधी अंधारातली गाणी बाहेर काढली. संगीतापेक्षाही हा क्रम लावण्याचा निर्णय मला अवघड वाटतो.

कॅसेटवरून तबकडीवर

ठरवणं एक आणि ते छापणं दुसरं. टोबी स्कॉट आणि निर्मितीतला जोडीदार चक प्लॉटकिन यांच्यापुढे आता खरं संकट उभं राहिलं. त्या काळी रेकॉर्ड करायची म्हणजे लेथवर फिरणाऱ्या लाखेच्या मऊ तबकडीत सुईने खाच कापायची आणि त्या तबकडीवरून पुढचे साचे करायचे. आवाजाची पातळी जितकी वर, तितकी खाच ठळक आणि तबकडीची स्वतःची खरखर तितकी झाकली जाते. या कॅसेटवर पातळी खाली होती आणि टेपची सुसकार वर. पातळी वाढवली की सुसकारही वाढे. त्यात प्रतिध्वनी इतका की डाव्या-उजव्या बाजूंचे आवाज एकमेकांना कापत. अशा आवाजाची खाच नीट बसत नाही आणि वाजवताना सुई उडते.

टेपवरचा आवाज तबकडीसाठी तयार करणं म्हणजे मास्टरिंग. एकामागून एक नामांकित मास्टरिंग स्टुडिओंत ती टेप गेली आणि परत आली. आठवडे गेले. नाहीच जमलं तर रेकॉर्ड फक्त कॅसेटवर काढू, इथपर्यंत बोलणं आलं. शेवटी अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत डेनिस किंग यांच्या हाताला यश आलं, तेही आवाजाची पातळी नेहमीपेक्षा खाली ठेवून. म्हणूनच या तबकडीला आवाज मोठा करून ऐकावं लागतं.

मुखपृष्ठावर डेव्हिड मायकेल केनेडी यांनी १९७५ च्या हिवाळ्यात ट्रकच्या काचेतून टिपलेला कृष्णधवल रस्ता आहे. गायकाचा चेहरा कुठेच नाही.

परिणाम

३० सप्टेंबर १९८२ ला ‘नेब्रास्का’ आली. दहा गाणी, चाळीसेक मिनिटं. दौरा नाही, मुलाखती जवळपास नाहीत. अमेरिकेत एकही सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, काढलं नाही. ‘अटलांटिक सिटी’चा कृष्णधवल व्हिडिओ झाला, पण ब्रूस त्यातही दिसत नाही. इतकं असून ती अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली होती. ‘जॉनी ९९’ ऐकणाऱ्यांना मावाचा कारखाना समजावून सांगावा लागत नव्हता.

पुढच्याच वर्षी ज्येष्ठ अमेरिकन गायक जॉनी कॅशने यातली दोन गाणी आपल्या अल्बमवर गायली. १९८४ मध्ये बाजूला ठेवलेली बँडची गाणी ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या नावाने आली आणि त्यातली सात पहिल्या दहांत गेली. आज लाखो लोक घरच्या घरी रेकॉर्ड करतात. त्यातल्या कितीजणांनी ही तबकडी ऐकून धीर केला हे मोजता येणार नाही, पण माझ्याकडे येणारी मुलं तिचं नाव घेतात.

काय वेगळं करता आलं असतं

तांत्रिक बाजू आधी. मिश्रण करण्यापूर्वी वेगाची कळ मध्यावर आणणं, टेप वाचणारा हेड पुसणं, चांगल्या यंत्रावर उतरवणं, या पाच मिनिटांच्या गोष्टी होत्या. त्यांनी गाण्याला धक्का लागला नसता आणि मास्टरिंगचे कितीतरी आठवडे वाचले असते. सुसकार आणि गाभा एकच आहे, असं समजणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. खुर्ची, खोली, एकांत, श्वासाबरोबर हलणारी लय हे गाण्याचे भाग होते. मळकट हेड नव्हता. जातं आणि मोबाइलचा फुटलेला आवाज यांत जो फरक आहे, तोच.

आणि ती कॅसेट. घामाच्या खिशात, डबीशिवाय, किल्ल्यांच्या शेजारी. कॅसेटची टेप यंत्रात अडकली की पेन्सिल घालून गुंडाळणारी आमची पिढी आहे, चुरगळलेल्या जागी आवाज कसा बुडतो ते आम्हाला पाठ आहे. घरची चाचणी म्हणून जे काही आज केलं असेल त्याची त्याच दिवशी एक प्रत काढून ठेवावी, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. चाचणी कोणती आणि मास्टर कोणतं, हे त्या दिवशी कळत नसतं.

तिसरी गोष्ट सांगताना मला जपून बोलावं लागेल. काही महिने सगळी हुशार माणसं या कॅसेटकडे आवाजाचा प्रश्न म्हणून पाहत होती. ती गाणारा माणूस मात्र आतून खचत चालला होता. रेकॉर्डचं काम संपल्यावर ब्रूस एका मित्राबरोबर मोटारीने कॅलिफोर्नियाला निघाला, वाटेत टेक्सासमधल्या एका गावच्या जत्रेत त्याचा धीर सुटला, आणि पोचल्यावर लँडाऊने त्याला उपचार मिळवून दिले. त्याने २०१६ च्या आत्मचरित्रात हे उघडपणे लिहिलं आहे. लँडाऊला पहिल्यांदा कॅसेट ऐकताच जी काळजी वाटली होती, तिच्यावर तेव्हाच बोलणं झालं असतं तर बरं झालं असतं. कुणी गाऊन दाखवलं की आपण चाल, शब्द, सूर यांवर मत देतो. ‘तू बरा आहेस ना?’ हे विचारायला रेकॉर्डिंगच्या खोलीत जागाच ठेवलेली नसते.

बँडबरोबरचे ते बाद केलेले टेक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मी ते एका रात्री कॅसेटवाल्या गाण्यांसोबत आलटून पालटून ऐकले. बँडचं ‘जॉनी ९९’ दणकेबाज आहे, नाचावंसं वाटेल असं. ‘अटलांटिक सिटी’ही चांगली वाजवली आहे, आणि दुसरं काही अस्तित्वात नसतं तर मी ती आनंदाने ठेवून घेतली असती. मग कॅसेटवरचं ‘स्टेट ट्रूपर’ लावलं. रात्रीचा रस्ता, दोनच स्वरांवर घासत राहिलेली गिटार, आणि शेवटाकडे तो अचानक किंचाळतो तेव्हा ते लहानसं मशीन त्याचा आवाज पेलायला धडपडतं. मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.